फुग्यातून दिसणारं लक्सर आणि नौनाख्तेचं मृत्युपत्र



आज आपण खूप लांबच्या गावाला जाणार आहोत. एसटीने नाही, विमानानेही नाही, गरम हवेच्या फुग्यातून. गाव आहे इजिप्त देशातलं लक्सर. राजधानी कैरोपासून दक्षिणेला साडेसहाशे किलोमीटरवर, नाईल नदीच्या काठी. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे थीब्ज नावाचं मोठं नगर होतं. त्याचे अवशेष इतके आहेत की १९७९ साली युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. जगभरातले प्रवासी पहाटे अंधारात उठतात, होडीने नाईल ओलांडून पश्चिम काठावर येतात आणि सूर्य उगवताना बलूनमध्ये बसून हे अवशेष वरून पाहतात.

आम्ही काही तिकडे जाऊन आलेलो नाही, हे आधीच सांगतो. वाचलं, चित्रफिती पाहिल्या आणि गटाच्या बैठकीत त्यावर बोललो. पण जे कळलं ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं वाटलं, म्हणून आजचा विषय हा.

आधी हा फुगा उडतो कसा ते बघू. चुलीवरचा धूर वर का जातो? गरम हवा हलकी होते म्हणून. तेच इथे. नायलॉनचा भलामोठा फुगा, त्याच्या खाली वेताची टोपली आणि मध्ये गॅसचा बर्नर. आपल्या घरात सिलिंडर असतो त्याच जातीचा गॅस, फक्त ज्योत पुरुषभर उंचीची आणि आवाज घोंघावणारा. टोपलीत कप्पे असतात आणि मोठ्या टोपलीत वीसेक माणसं उभी राहतात. फुग्याला सुकाणू नसतं, ब्रेक नसतो. पायलट फक्त वर नेऊ शकतो किंवा खाली आणू शकतो. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, त्यातला हवा तो वारा तो शोधतो. मग वारा नेईल तिकडे जायचं आणि जिथे मोकळं रान सापडेल तिथे उतरायचं.

पहाटेच का, तर जमीन तापली की हवा उसळायला लागते, वावटळी उठतात. सूर्योदयाला हवा थंड आणि शांत असते. बाहेर थंड आणि फुग्यात गरम असा फरक जास्त असला की फुगा चांगला उचलला जातो.

पहिल्यांदा माणसं अशी उडाली ती फ्रान्समध्ये, १७८३ साली. मोंगोल्फिए नावाच्या, कागद बनवणाऱ्या घरातल्या दोन भावांचा तो फुगा. आधी त्यांनी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा उडवून पाहिला, ते जिवंत उतरले, मग माणसं बसवली. दुसऱ्याच वर्षी, ४ जून १७८४ रोजी, ल्यों शहरात एलिझाबेथ तिब्ल नावाची बाई फुग्यातून उडाली. दोर न बांधलेल्या, मोकळ्या फुग्यातून उडणारी ती जगातली पहिली स्त्री. म्हणजे बाईला आकाशात जायला एका वर्षाचीसुद्धा वाट बघावी लागली नाही. जमिनीवरच्या गोष्टी मिळायला मात्र फार वेळ लागतो.

हा प्रकार धोक्याचा आहे हेही सांगायला हवं. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी याच लक्सरला उतरता उतरता एका बलूनला आग लागली, तो पुन्हा वर गेला आणि खाली कोसळला. त्यात एकोणीस जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर उड्डाणं थांबवली होती, नियम कडक केले आणि मग पुन्हा सुरू केली.

आता वर जाऊन खाली बघू. पूर्वेला नाईल, तिच्या पलीकडे आताचं लक्सर शहर आणि कर्नाकचं प्रचंड देऊळ. जुने इजिप्शियन लोक पूर्वेला जिवंत माणसांची बाजू मानत, कारण सूर्य तिथून उगवतो. पश्चिमेला तो मावळतो, म्हणून पश्चिम काठ मेलेल्यांचा. राजांच्या कबरी तिकडे डोंगरात आणि डोंगराच्या पायथ्याला त्यांची देवळं.

वरून सगळ्यात आधी नजरेत भरते ती एक रेघ. इकडे हिरवंगार आणि तिकडे एकदम वाळवंट, मध्ये बांध घातल्यासारखी सरळ हद्द. नाईलचं पाणी पोहोचतं तिथपर्यंत शेत, पुढे रेती. शेतात काय, तर ऊस! आपल्याकडच्यासारखाच उभा ऊस आणि तो कारखान्याला नेणारे छोटे रूळ. सत्तर साली आस्वानचं मोठं धरण पुरं झालं. त्याआधी नाईलला दरवर्षी पूर यायचा आणि शेतात गाळ पसरायचा. म्हणून जुन्या लोकांनी देवळं, कबरी आणि पुष्कळ वस्त्याही हिरव्या पट्ट्याच्या कडेला, कोरड्यात बांधल्या. कोरड्यात होत्या म्हणूनच त्या टिकल्या.

शेताच्या कडेलाच दोन बसलेले दगडी पुतळे दिसतात. मेमनॉनचे पुतळे म्हणतात त्यांना, पण आहेत ते आमेनहोतेप तिसरा या राजाचे. उंची सुमारे अठरा मीटर, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढी. बलूनमधूनही ते सहज ओळखू येतात. वरून दिसत नाही ते असं, की राजाच्या पायांशी, सिंहासनाला लागून दोन बायका कोरल्या आहेत. एक त्याची आई मुतेमविया आणि दुसरी त्याची राणी तिये. दोघी त्याच्या गुडघ्याच्या आसपास पोहोचतात. ज्या आईने जन्म दिला ती पोटरीएवढी! इतिहासात बायका असतात, पण कशा असतात, ते या दोन पुतळ्यांवरून समजतं.

पुढे उभ्या कड्याच्या पायथ्याशी तीन पायऱ्यांसारखं, तीन मजल्यांचं सुंदर देऊळ दिसतं. जागेचं नाव दैर अल-बहारी. हे देऊळ हातशेपसूत नावाच्या बाईचं. ती राजाची मुलगी, राजाची बायको. नवरा वारला तेव्हा सवतीचा मुलगा लहान होता. त्याच्या नावाने कारभार बघता बघता ती स्वतःच फेरो, म्हणजे राजा झाली. इसवी सनापूर्वी १४७९ ते १४५८ च्या सुमारास, सुमारे वीस वर्षं तिने राज्य केलं. राजा म्हटला की दाढी हवी, म्हणून तिचे पुष्कळसे पुतळे खोट्या दाढीचे आहेत. या देवळाच्या भिंतींवर तिने लढाईपेक्षा एका व्यापारी मोहिमेची चित्रं थाटात कोरून घेतली. पाच जहाजं दूर दक्षिणेच्या पुंट देशाला गेली आणि धूपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून घेऊन आली. रोप मरू नये म्हणून मातीचा गड्डा सांभाळत आणायचं असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, त्याच सावत्र मुलाच्या राज्यात, भिंतींवरून तिचं नाव आणि चित्रं छिन्नीने खोडली गेली. का खोडली यावर अभ्यासकांचे वाद आहेत. राजगादी बापाकडून मुलाकडेच गेली असं दिसावं, मध्ये बाई दिसू नये, असं पुष्कळांना वाटतं. पण खोडणाऱ्यांकडून एक गोष्ट राहून गेली. इजिप्तच्या जुन्या भाषेत आपल्या मराठीसारखंच स्त्रीलिंग-पुल्लिंग आहे. १८२९ साली शाँपोलियन हा फ्रेंच अभ्यासक तिथे आला. चित्रलिपी वाचायला शिकलेला तो पहिला माणूस. भिंतीवर दाढीवाला राजा आणि शेजारच्या मजकुरात शब्द मात्र बाईचे! जणू ‘राजा आली’ असं लिहिलेलं. तो चक्रावून गेला. पुढे हळूहळू उलगडा झाला की हा राजा बाई होती. नाव खोडता आलं, पण व्याकरण सगळं खोडता आलं नाही.

देवळाच्या जवळच्या टेकडीवर बलूनमधून आता बराचसा उघडा उतार दिसतो. काही वर्षांपूर्वी तिथे कुरना नावाचं गाव होतं. मातीच्या विटांची रंगवलेली घरं, काही घरांच्या तर पोटातच जुन्या कबरी. कबरींची नासधूस होते, चोऱ्या होतात, म्हणून सरकारला ते गाव हलवायचं होतं. १९४० च्या दशकात हसन फाथी या नावाजलेल्या वास्तुकाराने मातीचंच सुंदर नवं गाव बांधायला घेतलं, पण लोक जायला तयार झाले नाहीत. शेवटी २००६ सालच्या अखेरीला बुलडोझर आले आणि पुढच्या काही वर्षांत हजारो कुटुंबं दुसरीकडे वसवली गेली. धरणासाठी उठलेली गावं आपल्याकडे आहेत, त्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. प्रवाशाला वरून स्वच्छ टेकडी दिसते. तिथे कुणाची चूल होती ते दिसत नाही.

आता ज्या गावासाठी आम्ही तुम्हाला इतक्या लांब आणलं, तिथे येऊ. देवळांच्या मागे, डोंगराच्या घडीत एक छोटी जागा आहे, दैर अल-मदिना. वरून पाहिलं तर शेणीच्या रांगा लावाव्यात तशा बुटक्या भिंतींच्या चौकटी. देवळापुढे अगदी किरकोळ. राजांच्या कबरी खोदणारे, रंगवणारे कारागीर आपल्या बायकामुलांसह इथे राहत. गावकुसाच्या आत सुमारे ६८ घरं, मधून एक अरुंद बोळ. चारशेच्या आसपास वर्षं हे गाव नांदलं. गावात विहिरीचं पाणी नव्हतं, ते गाढवांवरून यायचं. काही घरांच्या पहिल्याच खोलीत विटांचा एक ओटा सापडला, त्यावर बेस या बुटक्या देवाची चित्रं. बेस हा बाळंतीण आणि तान्ह्या बाळाला राखणारा देव. आपण पाचवीला सटवाई पुजतो, तसंच काहीसं.

या लोकांचा आठवडा दहा दिवसांचा. पुरुष कामाचे दिवस डोंगरावरच्या झोपड्यांत काढत आणि सुट्टीला घरी येत. म्हणजे बरेच दिवस गाव बायकांच्याच हातात. पगार पैशात नव्हता, धान्यात होता. साध्या कामगाराला महिन्याला साडेपाच पोती. त्यातली चार पोती खपली गहू भाकरीसाठी, दीड पोतं जव बिअरसाठी. हो, तोच खपली गहू, जो आपल्याकडे सांगली-साताऱ्याला खिरीसाठी लावतात.

बर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ पासून जवळजवळ तीस वर्षं इथे खणलं. सापडलं काय? सोनं नाही. हजारो खापरं आणि दगडाच्या कपच्या, सगळ्यांवर शाईने लिहिलेलं. पपायरसचा कागद महाग, म्हणून रोजचे हिशेब, चिठ्ठ्या, उसनवारी, भांडणं, धुण्याच्या कपड्यांच्या याद्या, सगळं खापरावर लिहायचं आणि काम झालं की खड्ड्यात टाकायचं. राजांनी भिंतींवर जे कोरलं ते सगळ्यांनी बघावं म्हणून. या बाईमाणसांनी जे लिहिलं ते फक्त विसरू नये म्हणून. त्यामुळे ते जास्त खरं आहे.

याच गावातली एक मोठी कपची आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो चक्क हजेरीपट आहे! सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा, रामसेस दुसरा या राजाच्या चाळिसाव्या वर्षातला. चाळीस कामगारांची नावं, पुढे गैरहजेरीच्या तारखा आणि वर लाल शाईने कारणं. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले, कुणी बिअर गाळायला घरी थांबला, कुणी मयताच्या कामात होता. आणि काहींच्या नावापुढे कारण असं आहे की घरात बायकोला किंवा मुलीला पाळी आली होती. पाळीचं कारण सरकारी हजेरीत, पुरुषाच्या नावापुढे, सरळ लिहिलेलं. त्या दिवसांत तो घरी काय करत होता ते कपचीवर नाही. पण आपण दुकानातून पॅड अजून काळ्या पिशवीत गुंडाळून आणतो, आणि तिथे ते लाल शाईत नोंदवलेलं आहे.

याच गावाने जगातला नोंद असलेला पहिला संप केला. रामसेस तिसरा याच्या राज्याचं एकोणतिसावं वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५५ च्या सुमारास. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी धान्य आलं नाही. कामगार हत्यारं टाकून निघाले आणि एका देवळाच्या मागे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देवळाशी. त्यांचं म्हणणं त्यांच्याच लेखनिकाने टिपून ठेवलं: भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा. शेवटी धान्य मिळालं. पुढेही धान्य थकलं की ते बसले. आठवडाभराची मजुरी थकली की आपलं घर कसं चालतं हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे या संपामागे रिकामे डबे उघडून बघणाऱ्या बायका होत्या, हे वेगळं लिहिलेलं नसलं तरी कळतं.

आता नौनाख्ते. ही याच गावातली बाई. राणी नाही, पुजारीण नाही. पहिला नवरा गावचा लेखनिक, वयाने बराच मोठा. तो वारल्यावर दुसरं लग्न एका कामगाराशी झालं, त्याचं नाव खाएमनून. त्याच्यापासून तिला आठ मुलं झाली. इसवी सनापूर्वी ११४५ च्या आसपास, म्हातारपणी, ती गावाच्या पंचांसमोर उभी राहिली आणि आपलं मृत्युपत्र सांगितलं. लेखनिकाने ते पपायरसवर उतरवून घेतलं. तो कागद आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

तिने काय सांगितलं? मी या राज्यातली स्वतंत्र बाई आहे. आठ लेकरं मी वाढवली, त्यांच्या संसाराला लागेल ते दिलं. आता मी थकले आहे. ज्यांनी माझा हात धरला त्यांना माझ्यातलं मिळेल. ज्यांनी धरला नाही त्यांना मिळणार नाही. मग तिने नावं घेतली. कुणाला मिळेल तेही आणि कुणाला नाही तेही. एका मुलाने चांगलं सांभाळलं, त्याला इतरांपेक्षा वर एक काशाचं भांडं दिलं.

नीट ऐका, ती काय वाटत होती. पहिल्या नवऱ्याकडून आलेलं, वडिलांकडून आलेलं आणि दुसऱ्या नवऱ्याबरोबर मिळून जमवलं त्यातला तिचा तिसरा हिस्सा. तो हिस्सा बायकोचा, असा तिथला रिवाज होता. नवऱ्याच्या वाट्याला तिने हात लावला नाही. वगळलेल्या मुलांना बापाकडचं मिळणार होतंच. पण स्वतःचं किती, हे तिला माहीत होतं आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवायचा अधिकार तिचा होता. पुढे नवरा आणि मुलं पुन्हा पंचांसमोर आली आणि तिने केलेलं आम्ही मोडणार नाही, असं कबूल केलं. तेही लिहून ठेवलं.

याचा अर्थ तिथे बायकांचं रामराज्य होतं असा नाही. लेखनिक पुरुष, मुकादम पुरुष. घरोघर धान्य दळायला सरकारकडून दासी लावून दिलेल्या असत आणि त्यांच्या कामाचे दिवस घरांमध्ये वाटलेले असत. त्या दळणाऱ्या बायकांचं मृत्युपत्र कुठे सापडणार? त्यांच्यापाशी वाटायला काही नव्हतं. तरी कायद्यात बाईला मालमत्ता ठेवता येत होती, पंचांपुढे बोलता येत होतं, हे खरं आहे आणि ते सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं आहे.

आता आपल्या अंगणात या. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. आणि तरी काय होतं? वडील गेले की भाऊ गाडी घेऊन येतो, तालुक्याला नेतो, साडी-चोळी करतो आणि हक्कसोड पत्रावर सही घेतो. माहेर तुटू नये म्हणून आपण सही करतो. काहीजणी वाचतही नाहीत. हक्क सोडायचा की नाही हा प्रत्येकीचा प्रश्न आहे, त्यात आम्ही बोलणार नाही. पण नौनाख्तेने नावं घेऊन, मोजून, ऐकवून दिलं. आपण न मोजता सोडतो. एवढा फरक डोळ्यांपुढे ठेवा.

दोन कामाच्या गोष्टी. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येतं, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आणि म्हातारपणी घर-जमीन मुलांच्या नावावर करून देताना ‘सांभाळ करावा’ ही अट दस्तात लिहून घ्या. पुढे सांभाळलं नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्याखाली तो दस्त रद्द करून मागता येतो. नौनाख्तेच्या मनातलंच हे कलम आहे म्हणा ना.

बलूनमधून पाऊण तासात मोठमोठी देवळं दिसतात आणि ती बघण्यासारखीच आहेत. पण आपल्यासारख्यांचा इतिहास बघायचा तर खाली उतरून खापरं वेचावी लागतात. आपल्या गटाची बचतीची वही, हजेरी, इतिवृत्त, कुणाला किती कर्ज आणि कशासाठी, ही आपली खापरं आहेत. सचिव लिहील म्हणून सोडून देऊ नका, आणि लिहिताना ‘अमक्याची पत्नी’ एवढंच लिहू नका, बाईचं स्वतःचं नाव लिहा.

येत्या बैठकीत दोन प्रश्न चर्चेला घ्या. आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर आहे? आणि माझ्या स्वतःच्या मालकीचं काय काय आहे, याची यादी किती जणी आज बसून करू शकतील? ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, दुसरीने लिहून घ्यावं. नौनाख्तेनेही सांगितलंच होतं, लिहिलं लेखनिकाने.